मणक्यातला ‘कट्’ आवाज: कायरोप्रॅक्टिकने काय होतं, काय होत नाही

नाशिक जिल्ह्यात पाठ दोन दिशांनी दुखते. उन्हाळ कांद्याच्या लागवडीला बाया दिवसभर ओणव्याने रोपं लावतात, त्यांची कंबर पुढे वाकून वाकून दुखते. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची गोडी छाटणी उरकली की विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) सुरू होतं. तिथे तासन्‌तास मान वर करून मांडवाखाली उभं राहावं लागतं, आणि संध्याकाळी मान धरते. पुढे वाकण्याचा ताण मणक्यांमधल्या चकत्यांवर (डिस्कवर) आणि पाठीच्या स्नायूंवर येतो. मान किंवा कंबर मागे झुकली की मणक्यांच्या पाठच्या बाजूचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. दुखणी अशी दोन, पण मेडिकलमधून आणलेली गोळी एकच आणि शेजाऱ्याने सुचवलेलं भुजंगासनही एकच.

आता यात कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे हाताने मणक्याला झटका देऊन करायच्या उपचाराची, भर पडली आहे. मोबाइलवर रील सगळ्यांनीच पाहिली असतील: पालथा झोपवलेला माणूस, पाठीजवळ धरलेला माइक, एक झटका, ‘कट्’ असा खणखणीत आवाज, आणि उठून बसलेल्या पेशंटच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू. खाली कॉमेंटमध्ये पत्ता विचारणारे शेकडो. नाशिकमध्येही अशा पाट्या दिसतात, आणि ‘जाऊ का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. उत्तर ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ इतकं सरळ नाही. पण तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो एवढं जरी कळलं, तरी पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

दुखतं ते नेमकं कुठे

आपल्या पाठीत हलणारे मणके २४: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५. त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. लागोपाठच्या दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला चकती असते आणि मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन छोटे सांधे. त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. वरच्या मणक्याचा काठ खालच्यावर कौलांसारखा टेकलेला असतो. आकार जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, पण गुडघ्यात जे असतं ते सगळं इथेही आहे: गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवीसारखं आवरण, आत वंगणाचा द्रव, आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या बारीक नसा. म्हणून गुडघ्यासारखेच हे सांधेही झिजतात, सुजतात, आखडतात.

त्यांची ठेवणही जागेप्रमाणे बदलते. मानेतले सांधे तिरके, म्हणून मान चहूबाजूंना फिरते. मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याची जोडी करते. कमरेतले सांधे उभे असतात. ते पुढे-मागे वाकू देतात, पण पीळ घेऊ देत नाहीत. कमरेतला एकेक मणका फार तर एक-दोन अंशच वळतो. त्यामुळे पन्नास किलोची गोणी उचलून पाय न हलवता कंबरेतून वळणारा माणूस या सांध्यांकडून त्यांना न जमणारं काम मागत असतो. लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समितीत हे दृश्य रोजचं आहे.

फॅसेट जॉइंटचं दुखणं साधारण असं वागतं. कण्याच्या मधोमध न दुखता एका अंगाला दुखतं. मागे झुकलं, त्या बाजूला वळलं किंवा फार वेळ उभं राहिलं की वाढतं. बसलं, थोडं पुढे वाकलं की बरं वाटतं. कमरेतली कळ कुल्ल्यात, मांडीत उतरते, सहसा गुडघ्याच्या खाली जात नाही. मानेतली कळ खांद्यावर, खवाट्याकडे किंवा डोक्याच्या मागच्या भागात जाते. याउलट पायाच्या बोटांपर्यंत झिणझिण्या, शिंकताना सणक, खाली बसल्यावर जास्त त्रास असं असेल तर संशय चकतीवर आणि दबलेल्या नसेवर जातो. ही विभागणी काटेकोर नाही. एकाच कमरेत दोन्ही असू शकतं आणि नुसत्या तपासणीने खात्री होत नाही. अगदीच गरज पडली तर डॉक्टर त्या सांध्याची बारीक नस इंजेक्शनने तात्पुरती बधिर करून पाहतात.

मग एमआरआय? बहुतेकांना तिथेच घाई होते. दुखणं काहीच नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि यांतलं कुणीही कंबर धरून बसलेलं नव्हतं. रिपोर्टातलं ‘डिजनरेशन’ वाचून घाबरण्याआधी हे आकडे आठवावेत. ‘मणक्यात गॅप आलाय, तो भरून काढतो’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं हे बरं. चकती झिजते तेव्हा दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं आणि झटक्याने ते काही भरून येत नाही.

आवाज कशाचा

कायरोप्रॅक्टिकमध्ये हात मणक्यावर ठेवून सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेतात आणि तिथे एक छोटा, पण अतिशय वेगवान झटका देतात. हा झटका सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. त्या क्षणी सांध्याचे दोन पृष्ठभाग अचानक अलग होतात, आतल्या द्रवाचा दाब एकदम घसरतो आणि त्यात विरघळलेला वायू पोकळी करून बाहेर येतो. बोटं मोडताना होतं तेच. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट ओढतानाच त्याचं एमआरआयवर चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी ही पोकळी तयार होताना दिसली. वायू पुन्हा द्रवात विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात. म्हणून मोडलेलं बोट लगेच परत मोडत नाही. आजी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडायची, तेव्हा एकच मोठा आवाज यायचा, तोही यामुळेच.

म्हणजे हाड सरकलेलं नव्हतं आणि ते बसवलंही गेलं नाही. मणका खरोखर जागेवरून सरकला तर ती गंभीर बाब आहे. तिथे कुणी झटका देऊच नये. आवाज बऱ्याचदा नेम धरलेल्या मणक्यातून न येता शेजारच्यातून येतो, आणि आवाज आला की नाही याचा आराम पडण्याशी संबंध असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. माइक पाठीला लावून रील करणाऱ्यांनी नेमकी बिनमहत्त्वाची गोष्ट मोठी करून दाखवली आहे, असं माझं मत.

मग बरं का वाटतं? कारण बरं खरंच वाटतं, ते खोटं नाही. दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू त्याला जपण्यासाठी आखडून बसलेले असतात. झटक्याने सांध्याच्या आवरणातल्या आणि स्नायूंमधल्या संवेदना एकदम जाग्या होतात, आखडलेपणा काही काळ सैलावतो आणि मेंदूपर्यंत जाणारी वेदनेची जाणीव थोडी बोथट होते. मान जास्त वळते, कंबर जास्त वाकते. शिवाय कुणीतरी वेळ देऊन तपासलं, हात लावला, धीर दिला याचाही वाटा असतो आणि तो लहान नसतो. आपल्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत होती, तिच्याही यशात या धीराचा भाग मोठा असणार. हा सगळा परिणाम तास, दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही.

हे आलं कुठून

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डॅनिअल डेव्हिड पामर नावाच्या चुंबक-उपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीवर झटका दिला आणि त्याला कमी ऐकू येत होतं ते सुधारलं, असा दावा केला. ऐकण्याची नस कवटीच्या आतूनच मेंदूला जाते, पाठीच्या मणक्यांतून जात नाही, हे सोडून द्या. पामरने पुढे लिहिलं की ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. या कल्पित सरकण्याला ‘सबलक्सेशन’ म्हटलं गेलं. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टर मंडळींच्या अधिकृत परिषदेनेच २०१० मध्ये सांगितलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती आजाराचं कारण असल्याचा पुरावा नाही.

त्यामुळे आज कायरोप्रॅक्टिक म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, पाठीच्या आणि मानेच्या दुखण्यावर हाताने करायचा उपचार. याला पुरावा आहे, मर्यादित पण खरा. दुसरी, मणके ‘अलाइन’ करून दमा, मधुमेह, बीपी, वंध्यत्व, लहान मुलांचं अंथरूण ओलं करणं बरं करण्याची भाषा. हिला काही आधार नाही. दुसरी भाषा ऐकू आली की पहिल्या गोष्टीसाठीही त्या दारात जाऊ नये.

पुराव्याचं म्हणाल तर तो कमरेच्या जुन्या दुखण्याबद्दल बऱ्यापैकी आहे. २०१९ मध्ये ४७ चाचण्यांचा, नऊ हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा की मणक्यावरच्या हस्तोपचाराने थोडक्या काळासाठी जो आराम पडतो, तो व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात कमरेच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हा उपचार देता येण्यासारख्या पर्यायांत आहे. वजन लावून कंबर ओढणं आणि कमरेचा पट्टा यांना मात्र नेहमीच्या उपचारात जागा दिलेली नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली काय चालतं? पट्टा आणि ट्रॅक्शन.

मानेबद्दल मी कडक आहे

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जोराने पिळली तर क्वचित या धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो. असं घडण्याचं प्रमाण फार कमी आहे. वाद असाही आहे की काही रुग्णांची धमनी आधीच फाटू लागलेली असते, मान त्यामुळेच दुखते आणि म्हणून ते उपचाराला जातात. दोन्ही शक्यता धरल्या तरी हिशेब असा निघतो: मानेच्या साध्या आखडण्यावर शेक, हलका व्यायाम आणि सावकाश हाताने केलेली हालचाल यांनी काम भागतं, मग वेगाच्या झटक्याचा छोटा पण भयंकर धोका कशासाठी घ्यायचा?

सलूनमधल्या मान मोडण्याबद्दल तर चर्चाच नको. दाढी, चंपी आणि शेवटी फुकटात डावी-उजवी कट्कट्. न्हावीदादा प्रेमाने करतात, पण नको म्हणावं. रीलमधला पट्टा हनुवटीत अडकवून डोकं खेचण्याचा प्रकारही तसाच टाळावा. मानेच्या उपचारानंतर किंवा एरवीही अचानक कधी नव्हे इतकं डोकं-मान दुखणं, भोवळ, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं, चालताना तोल जाणं यातलं काही झालं तर घरी आडवं न होता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

कमरेच्या झटक्यानंतर सुमारे निम्म्या लोकांना एखाद-दोन दिवस अंग ठणकतं, थकवा येतो. त्याची काळजी नाही. काळजी आहे ती चुकीच्या माणसाला झटका बसण्याची. पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ असतील, किंवा दम्यासाठी कुणी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेत असेल तर मणका दबून मोडू शकतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात (आमवातात) मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्याचा ताजा मार, मणक्याचं ऑपरेशन हे सगळं आधी सांगायलाच हवं.

आपल्या देशात आणखी एक नाव या यादीत वरच्या जागेवर लागतं: मणक्याचा क्षय. खोकला नसतानाही तो होतो. पाठ आठवडेच्या आठवडे दुखते, रात्री जास्त. संध्याकाळी कणकण, भूक मंदावलेली, वजन उतरलेलं. अशा पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर मज्जारज्जूला इजा होऊन पाय जाऊ शकतात. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमध्ये जाऊन आधी तपासून घेणं शहाणपणाचं.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या तरुण पोरांसाठी वेगळी सूचना. पंचविशीत कंबर आखडते, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त ताठलेली राहते, पहाटे दुखण्याने जाग येते आणि गंमत म्हणजे आराम केल्यावर वाढतं, हिंडल्यावर कमी होतं, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर ते अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतं. हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. त्याला संधिवाततज्ज्ञ लागतो, रक्ताच्या आणि एमआरआयच्या तपासण्या लागतात. पुढच्या अवस्थेत मणके एकमेकांना जुळून जातात आणि अशा कण्याला झटका देणं म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण. आणि लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं हे दिसलं तर रात्र असली तरी थांबू नये, तासांचा प्रश्न असतो.

मोकळी मिळालेली मुदत

उपचाराने जी चार-दोन दिवसांची मोकळीक मिळते, तिच्यात काय करता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मान वळायला लागली की ती वळवायला हवी. नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच टेबल.

द्राक्षबागेत काम करणाऱ्याला भुजंगासन देऊ नका; तो दिवसभर मागे झुकलेलाच असतो. त्याने मधून मधून हनुवटी आत घेऊन मान लांब करावी, खाली पाहावं, खांदे फिरवावेत, आणि जमेल तिथे पायाखाली स्टूल घेऊन घड डोळ्यांच्या पातळीला आणावेत. कांदा लावणाऱ्या बाईला उलट उपयोग होईल: सरी संपली की उभं राहून, हात कमरेच्या मागे टेकवून चार-पाच वेळा हलकं मागे झुकायचं. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला अप-डाउन करणाऱ्याचं जाऊन-येऊन सात तासांच्या आसपास बसणं होतं. त्याची छातीच्या मागची पाठ ताठते आणि भार मानेवर येतो. सीटच्या पाठीला खवाटे टेकवून छाती उघडायची, आणि इगतपुरीला गाडी थांबली की उभं राहायचं. साठीनंतरच्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि भाजीच्या गाड्यावर ओणवं झालं की हलकं वाटतं, त्यांच्या कण्याची नळी अरुंद झालेली असू शकते. त्यांनाही मागे झुकण्याचे व्यायाम आधी नकोत. बाकी सगळ्यांना गोदापार्कवर रोज अर्धा तास चालणं. अंथरुणाला खिळून राहणं मात्र एक-दोन दिवसांपलीकडे नको, त्याने सांधे आणखी आखडतात.

कुणाकडे जायचं

ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरसाठी १९९४ पासून कायदा आहे, परदेशात कित्येक ठिकाणी हा काही वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. भारतात या पद्धतीसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशातून रीतसर शिकून आलेला माणूस आणि शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट लावलेला माणूस दोघांची पाटी सारखीच दिसते. फिजिओथेरपीचं तसं नाही. तिची पदवी असते, म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातली कितीतरी फिजिओथेरपी कॉलेजं जोडलेली आहेत, आणि नोंदणीसाठी राज्याची परिषद आहे. मॅन्युअल थेरपी शिकलेले फिजिओथेरपिस्ट हेच हस्तोपचार करतात. माझा कल त्यांच्याकडे आहे. तरीही कायरोप्रॅक्टरकडे जायचं असेल तर शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं झालं हे न लाजता विचारा. रागावला तर उत्तर मिळालंच.

चांगला उपचारक आधी बसवून विचारतो, पायांची ताकद, रिफ्लेक्स, संवेदना तपासतो, काय वाटतं ते सांगतो आणि झटक्याआधी परवानगी घेतो. पहिल्याच दिवशी आगाऊ पैसे घेऊन तीस बैठकांचं पॅकेज गळ्यात मारणारा तुमच्या पाठीपेक्षा स्वतःच्या कॅलेंडरचा विचार करत असतो. चार-सहा बैठकांत फरक जाणवला नाही तर तो उपचार थांबवून पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. टेबलावर झोपल्यावरसुद्धा ‘मानेला झटका नको, हळू हाताने करा’ असं सांगायचा हक्क तुमचा आहे. त्याला मोबिलायझेशन म्हणतात, त्यात सांधा सावकाश, लयीत हलवतात आणि तुम्ही कधीही थांबवू शकता. जाताना जुने रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. गोळ्यांची नावं कुणालाच धड आठवत नाहीत, आणि रक्त पातळ करणारी गोळी नेमकी त्यातच असते.